हीटिंग बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय, पण ओल कुठेच दिसत नाही

उत्तररात्र:

नमस्कार मंडळी,

घरात गॅसवर चालणारा कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) आहे. सीलबंद सिस्टिम, दोन मजले, आठ रेडिएटर. थंड असताना फिलिंग लूपने (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायच्या नळीने) प्रेशर १.३ बारपर्यंत भरतो. हीटिंग दोन-तीन दिवस चाललं की थंड अवस्थेतला काटा ०.५ च्या खाली येतो, कमी प्रेशरचा एरर दिसतो आणि बॉयलर बंद पडतो. पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा तेच. तापलेला असताना काटा २.७ ते २.९ पर्यंत चढतो.

रेडिएटरखाली, त्यांच्या व्हॉल्व्हभोवती, बॉयलरच्या तळाशी, कुठेच ओल नाही. छतावर डाग नाहीत. तळमजल्याचे पाइप मात्र काँक्रीटच्या फरशीखालून गेले आहेत, त्यामुळे सगळा संशय तिकडेच जातोय.

फरशी उकरण्याआधी काय काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने? लीक सीलर (पाण्यात मिसळायचं गळती बुजवणारं रसायन) टाकून पाहावं का? तोवर असंच पाणी भरत राहिलं तर चालेल का?


पाना_पकड:

फरशीला आत्ता हात लावू नका. तुमच्या आकड्यांतला सगळ्यात बोलका आकडा २.९ आहे.

नुसती फरशीखाली गळती असती तर काटा दिवसागणिक खाली येत राहिला असता, तापल्यावर ३ बारच्या तोंडाशी गेला नसता. इतका चढतोय म्हणजे फुगलेल्या पाण्याला जागा मिळत नाहीये. ती जागा देणं हे एक्सपान्शन व्हेसलचं काम. लोखंडी डबा, मध्ये रबरी डायफ्राम, एका बाजूला सिस्टिमचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबाने भरलेली हवा किंवा नायट्रोजन. घरगुती कॉम्बीत तो बहुधा ७ ते १० लिटरचा असतो.

हिशोब करून पाहा. आठ रेडिएटरना ढोबळमानाने ८० लिटर पाणी धरा. १५ अंशांवरून सरासरी साठ-बासष्ट अंशांवर गेलं की ते पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फुगतं, म्हणजे सुमारे १.४ लिटर. व्हेसल ८ लिटरचा, त्यात हवा ०.७५ बार आणि थंड प्रेशर १.२ असेल तर एवढं पाणी पोटात घेऊन काटा साधारण १.८ वर थांबतो. व्हेसलमधली हवा निघून गेली असेल तर त्याच्या जागी पाणीच भरलेलं असतं. मग काटा ३ बारला टेकतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी भिंतीबाहेर काढलेल्या पाइपमधून निघून जातं. सिस्टिम थंड झाली की पाणी आकसतं, पण बाहेर गेलेलं परत येत नाही, आणि काटा कोसळतो. घरात ओल दिसत नाही कारण पाणी घरात सांडतच नाही. तुमच्याकडे ते एका रात्रीत न होता दोन-तीन दिवसांत होतंय, म्हणजे कुठेतरी थोडी हवा अजून अडकलेली असावी किंवा व्हॉल्व्ह नुसता ठिबकत असावा.

तीन तपासण्या करा, तिन्ही बिनखर्चाच्या.

पहिली सेफ्टी व्हॉल्व्हची. बॉयलरजवळच्या बाहेरच्या भिंतीवर तांब्याचा बारीक पाइप, बहुतेक १५ मिलिमीटरचा, खाली किंवा भिंतीकडे वळलेला दिसेल. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने सैलसर बांधा आणि हीटिंग नेहमीसारखं चालू द्या. दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणी असेल तर वाट सापडली. नुसतं बघून समाधान मानू नका. ठिबकलेलं पाणी भिंतीवर वाळून जातं आणि मागे फक्त पांढरट ओघळ उरतो.

दुसरी व्हेसलच्या व्हॉल्व्हची. सायकल किंवा मोटारीच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह व्हेसलवर असतो, वर काळी टोपी. बॉयलर बंद आणि पूर्ण थंड असताना टोपी काढून आतली पिन क्षणभर दाबा. हवा फुसकन आली तर काही चार्ज शिल्लक आहे. काहीच आलं नाही तर हवा संपली आहे. पाणी आलं तर डायफ्राम फाटला, व्हेसल बदलायचा. काही मॉडेलमध्ये हा व्हॉल्व्ह बॉयलरच्या कव्हरच्या आत असतो. ते कव्हर ज्वलनकक्षाचं सील असेल तर ते उघडण्याचं काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचंच.

तिसरी तपासणी सहसा कुणी सांगत नाही, पण आकड्यात उत्तर देते. थंड सिस्टिम १.५ बारला भरा, फिलिंग लूप बंद करा आणि ड्रेन कॉकमधून (पाणी काढून टाकायच्या तोटीतून) मोजून अर्धा लिटर पाणी काढा. व्हेसल धड असेल तर काटा १.३ च्या जवळ थांबतो. मेलेला असेल तर भांडं भरायच्या आधीच काटा तळाला जातो.


गारवेल:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, तरी बॉयलरच्या आत की बाहेर याचा निकाल एकदा लावून टाका. फरशीची भीती मनातून जाईल.

बॉयलरच्या खाली फ्लो (गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा) आणि रिटर्न (ते परत आणणारा) या पाइपांवर दोन आयसोलेशन व्हॉल्व्ह, म्हणजे वाट बंद करणारे व्हॉल्व्ह, असतात. संध्याकाळी बॉयलर बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, प्रेशर १.५ ला आणा, मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून काटा लिहून ठेवा. रात्रभर हीटिंग अजिबात लावायचं नाही. गेज बॉयलरमध्ये आहे, त्यामुळे आता तो फक्त बॉयलरच्या आतलं प्रेशर दाखवतोय. सकाळी काटा खाली आला असेल तर गळती आत: सेफ्टी व्हॉल्व्ह, पंपाचं सील, ऑटो एअर व्हेंट (हवा आपोआप बाहेर सोडणारा भाग), हीट एक्स्चेंजर यांपैकी काहीतरी. काटा हलला नसेल, आणि एरवी हीटिंग न लावताही रात्रीत हलत असेल, तर पाइप किंवा रेडिएटर.

इथे दोन ठिकाणी चूक होते. बॉयलर कोमट असताना व्हॉल्व्ह बंद केले तर पाणी आकसूनच काटा उतरतो, आणि व्हेसल मेलेला असेल तर फारच उतरतो. ती गळती नव्हे. दुसरं असं की सकाळी व्हॉल्व्ह उघडल्यावर काटा थोडासाच खाली आला तर लोक पाइप निर्दोष ठरवतात. पाइपांच्या बाजूला व्हेसल नसतो, त्यामुळे चार-दोन चमचे पाणी गेलं तरी तिकडचं प्रेशर शून्य होतं आणि मग पाझर मंदावतो. उघडल्यावर तेवढंच पाणी बॉयलरकडून तिकडे जातं, म्हणून काटा फार हलत नाही. त्या हलण्यावरून गळतीचं माप काढू नका.

शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह फक्त तापल्यावर उघडत असेल तर ही थंड चाचणी त्याला पकडणार नाही. म्हणून पिशवीची चाचणी वेगळी करायचीच.

रेडिएटरची तपासणी सिस्टिम थंड असताना करा. गरम पितळेवरचा थेंब दिसायच्या आत उडून जातो. कोरडा टिश्यू पेपर घेऊन व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, युनियन नटच्या (व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडणाऱ्या नटच्या) खालच्या कडेला आणि हवा काढायच्या स्क्रूभोवती दाबून फिरवा. ओला ठिपका उमटला तर तिथेच. ओल नसली तरी हिरवट किंवा पांढरी खपली, किंवा नटाखाली गंजाची तपकिरी रेघ दिसली तर तो जुना पाझर आहे. दांड्याशी पाझरत असेल तर ग्लँड नट (दांड्याभोवतीचा नट) पान्ह्याने आठवा हिस्सा, फार तर पाव फेरा आवळा. एवढ्याने थांबलं नाही तर आतलं पॅकिंग गेलंय, अजून आवळून दांडा जाम होईल. युनियनवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याआधी बघा: ऑलिव्ह (नटाखाली दाबली जाणारी धातूची कडी) असलेल्या जोडाला आट्यांवर टेप लावून काही उपयोग नसतो, सील ऑलिव्हवर होतं. रेडिएटरमध्ये बसणाऱ्या टेलच्या (जोडनळीच्या) आट्यांवर मात्र टेप हवाच.


तिसरा_मजला:

दोन शक्यता राहिल्या आहेत, त्या सांगतो.

प्रायमरी हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) चीर पडली तर सिस्टिमचं पाणी कंडेन्सेटच्या (धुरातल्या वाफेचं पाणी वाहून नेणाऱ्या) पाइपातून गुपचूप गटारात जातं. हीसुद्धा ओल न दिसणारी गळती. कंडेन्सिंग बॉयलर चालू असताना त्या पाइपातून पाणी येणारच, म्हणून चालू असताना बघून काही कळत नाही. बॉयलर तास-दोन तास पूर्ण बंद ठेवा, प्रेशर १.५ ला असू द्या, आणि मग कंडेन्सेट पाइपाचं तोंड बघा. बर्नर बंद असताना थेंब येत राहिले तर एक्स्चेंजर संशयित. ते काम तंत्रज्ञाचं आणि बहुधा मोठ्या खर्चाचं, त्यामुळे आधी बाकी सगळं बाद करा.

गरम पाण्याच्या प्लेट एक्स्चेंजरला (नळाचं पाणी तापवणाऱ्या भागाला) आतून भोक पडलं तर सहसा उलटं घडतं. नळाच्या पाण्याचं प्रेशर सिस्टिमपेक्षा जास्त असतं, म्हणून ते आत घुसतं आणि काटा आपोआप चढतो. फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तरी हेच. चढता चढता सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरून चित्र अगदी मेलेल्या व्हेसलसारखं दिसतं. फरक ओळखायला सोपा आहे: हीटिंग बंद, सिस्टिम थंड, तरीही काटा तासागणिक वर सरकतोय का ते बघा. सरकत असेल तर लूपची जाळीदार नळी दोन्ही टोकांनी सोडवा आणि टोकांना टोप्या लावा. चढणं थांबलं तर दोष लूपचा, नाही थांबलं तर प्लेट एक्स्चेंजरचा. तसंही भरून झाल्यावर ती नळी सोडवूनच ठेवायची असते.

लीक सीलरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निदान होण्याआधी टाकू नका. सेफ्टी व्हॉल्व्हमधून जाणारं पाणी सीलरने थांबत नाही आणि थांबताही कामा नये. व्हेसलला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट ऑटो एअर व्हेंटचं बारीक भोक आणि प्लेट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटा तुंबण्याचा धोका. फरशीखालचा सूक्ष्म पाझर चाचणीने सिद्ध झाला आणि उकरणं शक्यच नसेल, तेवढ्या एका प्रसंगी त्याचा विचार करावा.

फरशीखालची गळती खरोखर निघालीच तर शोध घेणारे लोक सिस्टिम रिकामी करून त्यात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण भरतात आणि सेन्सरने फरशीवरून जागा हुडकतात. एक फरशी उचलून भागतं, अख्खी खोली उकरावी लागत नाही.


उत्तररात्र:

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासण्या केल्या, निकाल असे:

बाहेरच्या पाइपाला बांधलेल्या पिशवीत सकाळी कपभर पाणी. पिन दाबली तर हवाही नाही, पाणीही नाही. १.५ ला भरून पाणी काढलं तर अर्धा लिटर व्हायच्या आधीच काटा ०.३ वर. व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवलं, काटा जागचा हलला नाही. व्हॉल्व्ह उघडे ठेवून आणि हीटिंग बंद ठेवूनही थंड प्रेशर टिकतं. कंडेन्सेट पाइप बॉयलर बंद असताना कोरडा. लूप सोडवून ठेवला आहे, काटा आपोआप चढत नाही.

व्हेसलचा व्हॉल्व्ह कव्हरच्या बाहेर, वरच्या बाजूला आहे. हवा मीच भरू शकतो का? नीट पद्धत सांगाल का?


पाना_पकड:

निदान पक्कं. हवा गेली आहे आणि पिनमधून पाणी आलं नाही, म्हणजे डायफ्राम वाचला असण्याची शक्यता चांगली आहे. हवा भरण्यात गॅसच्या भागाला हात लागत नाही. तुमचा व्हॉल्व्ह बाहेर आहे, तेव्हा हे काम घरी होतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी: पाण्याच्या बाजूला प्रेशर असताना भरलेली हवा खोटं माप दाखवते. बॉयलरमध्ये १ बार पाणी असताना तुम्ही १ बार दाखवेपर्यंत पंप मारला तर गेज बरोबर दिसतं, पण डायफ्राम पाण्यानेच दाबलेला राहतो आणि फुगलेल्या पाण्याला जागा होत नाही. नेमकं हेच चुकतं आणि मग लोक म्हणतात, हवा भरून काही फरक पडला नाही.

बॉयलरची वीज बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. फ्लो आणि रिटर्नचे व्हॉल्व्ह बंद करा म्हणजे रेडिएटरचं पाणी वाया जाणार नाही. बॉयलरच्या ड्रेन पॉइंटला नळी लावून ती बादलीत सोडा आणि काटा शून्यावर येईपर्यंत पाणी काढा. सेफ्टी व्हॉल्व्हची लाल मूठ फिरवून पाणी काढायचा मोह टाळा, गाळ तिच्या बैठकीवर बसतो. ड्रेन उघडाच ठेवा. आता गेज असलेला सायकलचा किंवा पायाने मारायचा पंप व्हेसलला लावा आणि सावकाश हवा भरा. जसजसा डायफ्राम पुढे सरकेल तसं ड्रेनमधून पाणी येत राहील. व्हेसलमध्ये साठलेलं पाणी बाहेर पडतंय, घाबरू नका. विजेवरचा मोठा कॉम्प्रेसर वापरू नका, माप हातात राहत नाही.

किती भरायचं ते बॉयलरच्या पुस्तिकेत किंवा व्हेसलच्या लेबलवर असतं. बहुतेक ठिकाणी ०.७५ ते १ बार. लेबल पुसलं असेल तर व्हेसलपासून सगळ्यात वरच्या रेडिएटरची उंची मीटरमध्ये घ्या, दहाने भागा आणि ०.३ मिळवा. पाच मीटर उंची असेल तर ०.८ बार. ड्रेनमधून पाणी यायचं थांबलं की गेज पुन्हा बघा, उतरलं असेल तर अजून थोडं भरा. पाणी थांबलेलं आणि माप टिकलेलं, दोन्ही झालं की ड्रेन बंद करा. व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. आले तर आतली पिनची सुई बदला, ती ट्यूबच्या व्हॉल्व्हचीच असते. टोपी लावा, फ्लो-रिटर्न उघडा, लूपने १.२ ते १.३ पर्यंत भरा आणि रेडिएटरची हवा काढून पुन्हा पातळीला आणा.

मग हीटिंग पूर्ण तापू द्या. काटा १.७ ते २ च्या दरम्यान थांबायला हवा. हवा बरोबर भरूनही तो २.५ च्या वर गेला तर व्हेसलला जोडणारी नळी गाळाने बुजली असेल. अशा वेळी व्हेसलचं माप अचूक दिसतं पण पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नळी काढून साफ करावी लागते.

हवा काही आठवड्यांत पुन्हा गेली तर डायफ्रामला बारीक भोक आहे, व्हेसल बदला. आतला व्हेसल काढायला अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागत असेल तर रिटर्न पाइपावर बाहेरून नवा व्हेसल बसवून घेता येतो. १०० लिटरपर्यंतच्या सिस्टिमला ८ ते १० लिटरचा पुरतो, थोडा मोठा असला तर उत्तमच. त्याच्या आणि बॉयलरच्या मध्ये बंद करता येईल असा व्हॉल्व्ह मात्र नको.


उत्तररात्र:

हवा ०.८ बार भरली. ड्रेनमधून बरंच काळं पाणी आलं. आता थंड १.२, गरम १.८. पण सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपातून अजून मिनिटाला एखादा थेंब येतोय, थंड असतानाही. काटाही अगदी हळू उतरतोय. व्हॉल्व्ह बदलावा लागेल का?


गारवेल:

बहुधा लागेलच. वारंवार उघडलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या रबरी बैठकीत गाळाचा कण अडकतो आणि तो पूर्ण मिटत नाही. एक प्रयत्न करून पाहा: थंड सिस्टिम १.५ ला आणा, मूठ बाणाच्या दिशेने फिरवून दोन-तीन सेकंद जोराने पाणी जाऊ द्या आणि सोडा. असं तीन-चारदा केल्यावर कण निघून गेला तर ठिबकणं थांबतं. दुसऱ्या दिवशीही ठिबकत असेल तर नवा ३ बारचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, सोबत त्याचं नवं वायसर किंवा ओ-रिंग. तुमच्या व्हॉल्व्हची जागा कव्हरच्या आत असेल तर तंत्रज्ञाला बोलवा. त्या पाइपाच्या तोंडाला बूच मारू नका, टोपी लावू नका, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही. सिस्टिम फुटण्यापासून वाचवणारी ती शेवटची वाट आहे. पिशवीही आता काढून टाका.


तिसरा_मजला:

तुमचा सुरुवातीचा एक प्रश्न राहून गेला होता: पाणी भरत राहिलं तर चालेल का. काळं पाणी हेच त्याचं उत्तर. प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आणि क्षार आत जातात. जुन्या पाण्यातला ऑक्सिजन वापरला गेलेला असतो, त्यामुळे सिस्टिम तशीच बंद राहिली तर गंज जवळजवळ थांबतो. नवं पाणी आलं की पोलादी रेडिएटर आतून पुन्हा गंजायला लागतात आणि त्याची काळी भुकटी, म्हणजे मॅग्नेटाइट, पंपात, प्लेट एक्स्चेंजरमध्ये आणि त्याच सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन बसते. शिवाय आधी टाकलेलं गंजरोधक रसायन दर भरण्याला पातळ होत जातं.

म्हणून व्हॉल्व्हचं काम झालं की इन्हिबिटर, म्हणजे तेच गंजरोधक रसायन, टाका. बऱ्याच कंपन्यांचा १ लिटरचा डबा १०० लिटरच्या आसपासच्या सिस्टिमला पुरतो, पण प्रमाण डब्यावरचंच घ्या. वरच्या मजल्यावरचा एक रेडिएटर दोन्ही बाजूंनी बंद करून थोडा रिकामा करा आणि हवा काढायच्या जागेतून फनेल-नळीने ओता. लॉकशील्ड (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेरे लागले ते मोजून ठेवा आणि तेवढेच उघडा, नाहीतर रेडिएटरचं बॅलन्सिंग (सगळ्या रेडिएटरमधलं पाण्याचं वाटप) बिघडेल. रिटर्नवर मॅग्नेटिक फिल्टर नसेल तर तंत्रज्ञ येईल तेव्हा तोही बसवून घ्या. पहिल्या महिन्यात तो दोनदा उघडून धुवावा लागेल, एवढं काळं पाणी निघालं आहे तर.